गाऱ्हाणं छापून आलं

८ नोव्हेंबर, शुक्रवार

ही डायरी हॉटेलची, गेल्या सालची. लाँड्रीच्या साहेबानं कचऱ्याच्या पिशवीत टाकली होती, मी उचलली. वार जुळत नाहीत, म्हणून खोडून नवे घालतोय. लिहायची सवय नाही. सातवीत शाळा सुटली, त्यानंतर सह्या केल्या आणि व्हॉट्सॲप केलं, तेवढंच. पण इथं मस्कतात बोलायला जागाच नाही. एका खोलीत आठ जण. फोनवर कुजबुजलं तरी खालच्या खाटेवरून आवाज येतो, काय रे सगुण, घरी सगळं बरं ना?

बरं नाही. पण बायनं शपथ घातलीय. "दादा, कोणाक सांगू नको." म्हणून वहीला सांगतो. वही म्हणजे कोणी माणूस नव्हे.

तिचं नाव इथंही लिहिणार नाही. बाय म्हणजे माझी धाकटी बहीण, एकुलती. बाबा नाहीत. आई केरीला मासळी विकते. बाय हरमलला एका गेस्टहाऊसात खोल्या आवरायला जायची. गेल्या साली तिथल्या मालकाच्या मेहुण्यानं तिच्यावर जे केलं तो शब्द पोलिसांच्या कागदात आहे. मी लिहीत नाही.

बाय दुसऱ्या दिवशी स्वतःच्या पायानं पोलिसात गेली. तो पकडला, मग जामिनावर सुटला. गेस्टहाऊस बंद पडलं. तिथं पाच-सहा गावांतल्या पोरी कामाला होत्या, सगळ्यांचीच कामं गेली, त्यामुळे त्यातली ती कोण हे आजवर कोणाला कळलं नाही. बाय मयेला जानकीमावशीकडे राहते, साखळीला कपड्याच्या दुकानात जाते. गावात आई सांगते, बहिणीचे गुडघे धरलेत म्हणून सोबतीला धाडली. त्याचे लोकसुद्धा गप्प आहेत. नाव फुटलं तर तुझा जामीन जाईल, असं जज्जानं त्याला बजावलंय.

आता म्हापशाच्या कोर्टात साक्ष आहे. दार बंद करून. सरकारी वकीलबाई तिला म्हणाल्या, आत काय बोललीस ते दाराबाहेर जाणार नाही. बाय म्हणाली, "भायर कळला तर मी परत येवचंय नाय." वकीलबाई म्हणाल्या, तू आली नाहीस तर केसच नाही.

बाय बोलली तर तो आत. बाय गप्प बसली तर तो बाहेर. एवढं माझ्या टाळक्यातसुद्धा शिरतं.

११ नोव्हेंबर

दोन पाळ्या केल्या. अठरा तारखेला इथला राष्ट्रीय दिन, हॉटेल भरत चाललंय. चादरींचा डोंगर.

गिऱ्हाइकांच्या कपड्यांना खोलीचा नंबर टाचलेला असतो, नाव नसतं. तरी आम्हाला सगळं ठाऊक असतं. चारशे बारा चोरून पितो, तीनशे सात आता एकटा झोपत नाही. इस्त्रीवरचा नेपाळी सांगतो, मी त्यात भर घालतो. दिवस निघतो.

१४ नोव्हेंबर, गुरुवार

बायची साक्ष सुरू झाली. दुपारी आईचा फोन. "बोलली रे. धड बोलली. रडूक नाय." मागं म्हापशाच्या बाजाराचा गलबला.

बायनं फोन घेतला. "दादा, माका भूक लागल्या."

म्हटलं, "काय सांगलंस तू?"

"विचारल्यानी ता सांगलंय."

"काय विचारल्यानी?"

"दादा, भाजी-पाव थंड जाता."

ठेवला फोन. मी भाऊ आहे, मला सांगायला काय हरकत होती? पण खात होती हे ऐकून बरं वाटलं.

१५ नोव्हेंबर, शुक्रवार

शुक्रवारी सुट्टी. कृष्णनाथबाब फोनवर गावचा पेपर उघडून सगळ्यांना वाचून दाखवतात. हे साखळीकडचे, खाणीच्या ट्रकावर ड्रायव्हर होते, खाणी बंद पडल्यावर इकडे आले. वाचतात मात्र आकाशवाणीसारखं. आधी मयत, मग नाटकांच्या जाहिराती, मग पान तीन. पान तीनवर कोर्टाच्या बातम्या असतात आणि ते पान आलं की खाटेवर पडलेलेसुद्धा उठून बसतात.

आज वाचलं, "'त्या' खोलीत नेमकं काय घडलं? पेडण्यातील युवतीच्या साक्षीतून धक्कादायक माहिती."

तुषार सावंतवाडीचा, सगळ्यात आगाऊ. म्हणतो, "कृष्णनाथबाब, जरा सावकाश. हो घास घाईत गिळूचो नाय."

त्यांनी सावकाश वाचलं. कपडे कोणते होते. दाराची कडी कोणी लावली. फोनवर त्यानं काय पाठवलं होतं आणि तिनं त्याला आधी हसरा चेहरा का पाठवला होता. दार बंद होतं तर हे बाहेर कोणी आणलं? खाली लिहिलं होतं, विश्वसनीय सूत्रांकडून.

"हसरो चेहरो!" तुषार म्हणाला. "मगे कोर्टात कित्याक रडता? रे सगुण, तुझ्याच तालुक्यातली मां? वळखतंस काय?"

मी म्हटलं, "तालुको काय माझ्या खिशात आसा?"

सगळे हसले. मीही हसलो. हसलो नसतो तर विचारलं असतं. मग मोरीत जाऊन नळ सोडून उभा राहिलो.

आणखी एक लिहितो, हे पान मागाहून फाडीन. ती बातमी मी परत माझ्या फोनवर काढून वाचली. शेवटपर्यंत. बायनं मला जे सांगितलं नव्हतं ते त्यात होतं.

१८ नोव्हेंबर

हॉटेलभर लाल-पांढऱ्या-हिरव्या पताका. आम्हाला एकेक लाडवासारखी मिठाई दिली.

वकीलबाईंनी ते कात्रण जज्जापुढे ठेवलं. त्याचा वकील बाहेर येऊन पेपरवाल्यांशी बोलला होता, असं निघालं. जज्जानं सगळ्या पेपरांना हुकूम काढला: या केसमधलं आतलं अक्षर छापायचं नाही. पुढची तारीख तेवढी द्यायची, बाकी गावाची खूण नाही, कामाची नाही, काही नाही.

बायचा आवाज मोकळा झाला. "आता येतंय मी. ते बाई सांगी होते तसाच केल्यानी." उलटतपासणी ९ डिसेंबरला. त्याचा वकील मोठा आहे, पणजीचा. तो तिला सोलून काढणार, असं आई म्हणाली. आईनं ऐकलेला शब्द असणार.

२० नोव्हेंबर

कामात लक्ष नाही. चादरींच्या इस्त्रीच्या रुळात बोट जाता जाता वाचलं.

मोपाला विमानतळावर सामान भरायचो ते सोडलं, हरमलला होडीवर होतो ते सोडलं, आई म्हणायची याच्या पायाला चाक आहे. आता खरंच उठून जावंसं वाटतं तर पासपोर्ट ऑफिसात अडकलाय आणि करार मे महिन्यापर्यंत. तिला तिकडे एकटीला सोलणार आणि मी इथं दुसऱ्यांच्या चादरींच्या घड्या घालणार. भाऊ म्हणून मी केलं काय? एक गोष्ट केली नाही.

आज सुचलं. राखणदाराला, शिवेवरच्या देवाला, गाऱ्हाणं घालायचं. आमच्या वाड्याचं, म्हणजे वस्तीचं, वार्षिक गाऱ्हाणं याच रविवारी आहे. मला पाण्यात बुडताना त्यानंच काढला होता, आई अजून सांगते.

आईला फोन केला. आई आधी म्हणाली, "नको रे. बायक विचारूक होया."

"बायन काय सांगला? कोणाक सांगू नको. देव म्हणजे कोण लोक काय?"

आई म्हणाली, "माझ्या पण मनात होताच." झालं तर.

२२ नोव्हेंबर, शुक्रवार

पान तीनवर एवढंच, सदर खटल्याचे तपशील न्यायालयाच्या निर्देशामुळे प्रसिद्ध करता येत नाहीत. तुषार म्हणाला, "मगे पेपराचा करूचा काय? फोनात मासळी गुंडाळूक पण येणा नाय." मी मनात म्हटलं, घे, बस बोंबलत.

२३ नोव्हेंबर

शंभूकाकांशी बोललो. गाऱ्हाणं तेच घालतात, त्यांच्या आधी त्यांचे वडील घालायचे. म्हटलं, काका, बायचं कोर्टाचं एक काम आहे, तिला यश येऊ दे, एवढंच. कसलं काम विचारू नका.

"नाय विचारी. पण नाव घेवचा लागतला."

"नाव घेतल्याशिवाय होणार नाही?"

"रे पोरा, पत्ता नाय तर पत्र कोणाच्या घरा जाता? देवाक शेजारची बाय मेळली तर? आणि दीस खंयचो ता पण सांग. नायतर तो आदल्या दिसाच येवन बसात."

पटलं. नऊ तारीख सांगितली.

सिद्धेशलाही फोन केला. आम्ही एका बाकावर होतो. तो शिकला, आता पेपरात आमच्या भागातल्या बातम्या घालतो, जत्रा, सत्कार, नाटक, मयत. आमच्याकडे जो कोणी परदेशातून देवाला काही देतो त्याचं नाव छापून येतं. गोविंदाच्या पोराचं दुबईहून घंटा दिल्याचं फोटोसकट आलं होतं. माझं आजवर कधी आलं नाही. म्हटलं, सिद्धेश, रविवारच्या बातमीत माझं नाव घाल रे. म्हणाला, "घालतंय. मी थंयच असतलंय."

२४ नोव्हेंबर, रविवार

पाळी बदलून घेतली. आईनं फोन वर धरला आणि मी गच्चीवर टाक्यांच्या मागं बसून सगळं ऐकलं. आधी ढोल. मग शंभूकाका.

"बा राखणदारा! डोंगराच्या माथ्यापासून खाडीच्या तोंडापर्यंत तुझी शीव. ह्या शिवेतलो तुझो एक लेकरू सगुण, परक्या मुलखात आसा. तेणा आज तुका रोट दिल्यान, विडी दिल्यान, बाटली दिल्यान, ती गोड मानून घी."

"व्हय म्हाराजा!"

"तेची भयण..." आणि इथं त्यांनी बायचं नाव घेतलं, बाबांच्या नावासकट. "हिका नऊ तारखेक म्हापशाच्या कोर्टात उभ्या रवाचा आसा. हिच्या कामाक यश दी. जो कोण आडवो येयत तेचा तोंड बंद कर, आणि हिचा तोंड उघड!"

"व्हय म्हाराजा!"

काय आवाज! मला वाटलं होतं आई, काका आणि दोन-चार म्हातारे असतील. अख्खा वाडा होता. इतक्या तोंडांनी हो म्हटल्यावर देव नाही म्हणेल? गेल्या साली हे झाल्यापासून पहिल्यांदा पोटभर जेवलो.

२६ नोव्हेंबर, मंगळवार

आलं! पान पाच, खाली डाव्या बाजूला. सिद्धेशनं कात्रण पाठवलं. उतरवून ठेवतो:

"केरी : येथील वाड्यावरील राखणदाराचे वार्षिक गाऱ्हाणे भाविकांच्या मोठ्या उपस्थितीत पार पडले. मस्कत येथे नोकरीनिमित्त असलेले सगुण केरकर यांच्या वतीने, त्यांच्या भगिनीस येत्या ९ डिसेंबर रोजी म्हापसा येथील न्यायालयीन कामात यश लाभावे यासाठी विशेष गाऱ्हाणे घालण्यात आले. नंतर तीर्थप्रसादाचे वाटप झाले."

सगुण केरकर. शाळेच्या हजेरीनंतर पहिल्यांदाच माझं नाव छापलेलं बघतोय. 'नोकरीनिमित्त' हा शब्द सिद्धेशनं भारी घातला. बायचं नाव नाही, फक्त भगिनी. हुशार आहे. कात्रण वाड्याच्या ग्रुपवर टाकलं. लगेच हात जोडलेल्यांची रांग लागली.

पूर्ण पेपरही उघडून बघितला. पान तीनवरही होतं: "पेडणे युवती अत्याचार प्रकरण : पीडितेची उलटतपासणी ९ डिसेंबरला. म्हापसा न्यायालयाच्या निर्देशानुसार अन्य तपशील प्रसिद्ध करता येत नाहीत." तारीख तरी कशाला छापतात हे लोक? जीव घेतल्याशिवाय राहायचे नाहीत.

२७ नोव्हेंबर

ग्रुपवर चुलतभावानं विचारलं, "सगुण, कसली केस रे?" मी लिहिलं, जमिनीची. तो लिहितो, "जमीन तर आपली सामायिक. माका कसा म्हायत नाय?" मी लिहिलं, दुसऱ्या जमिनीची. त्यानंतर कोणी काही लिहिलं नाही. निभावलं.

२९ नोव्हेंबर, शुक्रवार

आज एक विचित्र झालं. मीच कृष्णनाथबाबांना म्हटलं, मंगळवारचा पेपर काढा, पान पाच, माझं नाव आलंय. सगळे ओरडले, पार्टी, पार्टी. त्यांनी मोठ्यानं वाचलं, आकाशवाणीसारखं. तुषारनं शिट्टी मारली. मग तो म्हणाला, आता तीन वाचा.

कृष्णनाथबाबांनी पान मागं घेतलं, तोंड उघडलं, आणि थांबले. एकदा माझ्याकडे बघितलं. मग परत पान पाच काढलं, परत तीन.

"काय झाला, बाब?"

"नेट गेला," ते म्हणाले आणि फोन उशीखाली घातला.

नेट सगळ्यांचं चालू होतं. तुषारनं स्वतःचा फोन काढला तर त्याच्यावर ओरडले, "मरे! एक शुक्रवार पान तीन नाय वाचला तर मरतलंस काय?" इतके कधी ओरडत नाहीत. दुपारी जेवताना त्यांच्या ताटातला तळलेला तुकडा माझ्या ताटात टाकला. म्हटलं, तुम्हाला नको? उठून हात धुवायला गेले. घरची आठवण आली असेल. माणसाचं असं होतं इथं.

१ डिसेंबर

बायचा फोन, सकाळी. हॅलो नाही, काही नाही.

"दादा, कोणी सांगला?"

"काय?"

"माका इचारू नको काय ता. दुकानाचो मालक म्हणालो, चार दीस घरी बस. जानकीमावशीकडे काल सात बायका इले. साखर मागूक. सात जणींची साखर एकाच दिसा सरली."

म्हटलं, मी बघतो, मी शोधून काढतो, तो पेपरवाला, तो वकील, एकेकाला सोडत नाही.

"तू काय करूक नको," ती म्हणाली. "मी नऊ तारखेक जावचंय नाय."

२ डिसेंबर

आई म्हणते, "माझ्या वाट्याकडे गिऱ्हाइका येतत, मासळी बघनत नाय. माका बघतत." त्या मेहुण्याची मावशी घरी येऊन गेली. हातात केळ्यांचा घड. म्हणाली, आता कळलंच सगळ्यांना, कोर्टात जाऊन आणखी काय मिळणार, मिटवून टाका, पोरीला आम्ही स्थळ बघून देतो. इतके महिने ज्यांची तोंडं जामिनानं शिवली होती ती आता हसत बोलतात. कारण त्यांनी नाव फोडलेलं नाही. आई शपथेवर सांगते, त्यांनी नाही फोडलं.

मग कोणी?

३ डिसेंबर

पेपरच्या ऑफिसात फोन लावला. हॉटेलच्या फोनवरून, साहेब जेवायला गेला तेव्हा. म्हटलं, तुम्ही कोर्टाचा हुकूम मोडला, तुम्हाला आत घालीन. तिकडचा माणूस शांतपणे म्हणाला, "साहेब, आम्ही फक्त तारीख छापली. तारखेला परवानगी आहे." मी शिवी दिली. त्यानं ठेवला.

सिद्धेशला विचारलं, तू त्या पेपरात आहेस, सांग कोणी फोडलं. तो म्हणाला, "सगुण, माका म्हायत असता तर मी घालूक नसतंय रे." काय घातलं नसतं ते विचारायच्या आधी फोन कट झाला. परत उचलत नाही. भित्रा साला.

५ डिसेंबर, गुरुवार

बायला फोन केला. लागला. म्हटलं, मी शोधतोय, त्या कोर्टाच्या बातमीदाराचं नाव मिळवलंय.

ती म्हणाली, "दादा, पाचवा पान वाचलंस?"

"वाचला मगे. माझा नाव इला तां."

"तिसरा?"

"तेच तर! तेका मी..."

"दोनूय एकदम वाच."

आणि ठेवला.

वाचली. एक डाव्या हातात, माझ्या फोनवर, एक उजव्या हातात, कृष्णनाथबाबांच्या. त्यांनी न मागता फोन दिला. तीनवर नऊ तारीख. पाचवर नऊ तारीख.

६ डिसेंबर, शुक्रवार

शंभूकाकांनी तारीख मोठ्यानं घेतली नसती तर चाललं असतं. देव बहिरा आहे काय? आणि सिद्धेशला भगिनी लिहायची काय गरज होती, कुटुंबीय लिहायचं. आईनं मला अडवायला पाहिजे होतं. आई तर म्हणाली होती माझ्याही मनात होतं. आणि जज्जानं सगळं बंद केलं तर तारीख कशाला मोकळी सोडली?

वकीलबाईंना आईनं दोन्ही कात्रणं दाखवली. त्यांनी कपाळाला हात लावला म्हणे. "पेपरावर केस घालीन, आरोपीवर घालीन. गाऱ्हाण्यावर कशी घालू?"

रुळातून आज सहाशे चादरी काढल्या. कोणी काही विचारलं नाही. आज खोलीत पेपर वाचला नाही.

८ डिसेंबर

उद्या.

बायनं फोन उचलला. मी म्हटलं, बाय, तू जातलंस मां? तू गेली नाहीस तर तो सुटेल. तू गेली नाहीस तर मी इथं काही करून घेईन. हे बोलायला नको होतं.

ती रडली नाही. म्हणाली, "जायन नायतर जावचंय नाय. तुका सांगूचंय नाय."

"मी तुझो भाव गे!"

"व्हय. म्हणानच. तुका सांगला काय ता गाऱ्हाणा जाता."

म्हटलं, मी चांगल्यासाठी केलं.

"म्हायत आसा माका," ती म्हणाली. "सगळे चांगल्यासाठीच करतत. त्या बायका पण साखरेसाठीच इल्ले."

फोन बंद. परत लावला तर लागलाच नाही. अजून लागत नाही.

९ डिसेंबर, सोमवार

घरून काही नाही. आईचा फोन वाजतो, उचलत नाही. तिकडे आता अकरा वाजले असतील. म्हापशाच्या कोर्टाचं दार मी एकदाच बघितलंय, बाहेरून, वाहतुकीचा दंड भरायला गेलो तेव्हा. निळा रंग होता. की हिरवा. ते बंद झालंय की उघडंच आहे, कळायला काही मार्ग नाही.

१० डिसेंबर

आईनं उचलला. म्हटलं, गेली काय? आई म्हणाली, "सगुण, तिना माका शपथ घातल्यान. कोणाक सांगू नको म्हणान."

"कोणाक म्हणजे माका पण?"

आई म्हणाली, "जेवलंस काय तू?"

पेपरात काही नाही.

११ डिसेंबर

पेपरात काही नाही. पहाटे उठून बघतो, पेपर फोनवर चढायच्या आधीच. मयत, जाहिराती, तीन, काही नाही. एखादी ओळ तरी असावी. सूत्रांकडून तरी. त्या दिवशी इतकं सगळं छापलं, कपडे, कडी, हसरा चेहरा, आणि आता मला एक अक्षर पाहिजे तर नाही. हे मी काय लिहितोय?

१३ डिसेंबर, शुक्रवार

सकाळी तुषार म्हणाला, "बाब, दोन शुक्रवार झाले. वाचा काय तरी." बाकीचेही म्हणाले. कृष्णनाथबाबांनी फोन उघडला, तीनवर नजर टाकली आणि उठून माझ्या खाटेपाशी आले.

"आज तू वाच."

"माका वाचूक येता खंय नीट?"

"येता तेवढा वाच."

मी मोठ्यानं वाचलं. जोडाक्षरांना अडखळलो. "पेडणे युवती अत्याचार प्रकरण. पीडितेची चार दिवस चाललेली उलटतपासणी काल पूर्ण झाली. न्यायालयाच्या निर्देशानुसार अन्य तपशील प्रसिद्ध करता येत नाहीत."

चार दिवस. म्हणजे सोमवारी गेली. मंगळवारीही गेली. केरीतून नाही तर मयेतून, बसनं, सगळ्यांसमोरून, चारही दिवस गेली. आई तिच्याबरोबर होती की एकटीच, बाहेर आल्यावर तिला भूक लागली की नाही, हे लिहिलेलं नव्हतं.

"मगे?" तुषार म्हणाला. "फुडे?"

"फुडे काय नाय."

"काय विचारल्यानी, काय सांगल्यान, कायच नाय? बघ रे नीट, खाली आसतला."

मी नीट बघितलं. खरंच बघितलं. खाली रेघ होती आणि रेघेखाली दुसरी बातमी.

"नाय म्हणता मां तो," कृष्णनाथबाब म्हणाले.

सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते. म्हणून मी खालची वाचली. केरी–तेरेखोल फेरीबोट यंत्रात बिघाड झाल्यामुळे दोन दिवस बंद राहील. प्रवाशांनी याची नोंद घ्यावी.